पाणकणसांच्या आडोशाला

11 जानेवारी : मिनियापोलिस ते रेडफील्ड

शिकारीला येताना अंगावर कापसाचा धागाही नको, ही काकांची पहिली अट. सोलापुरात वाढलेल्या मुलीला ती मानणं जड गेलं, पण काकांचं बरोबर होतं. बर्फात पायपीट करताना घाम येतो, सुती कापड तो धरून ठेवतं, आणि जरा थांबलं की तोच ओलावा अंगातली ऊब ओढून घेतो. म्हणून आत लोकरीचे दोन पातळ थर, वर वारा अडवणारं जाकीट, मांड्यांवर काटेकुटे न लागू देणारी जाड विजार, आणि सगळ्यावर भडक नारिंगी बिनबाह्यांची बंडी. बंडीच्या पाठीला मोठा खिसा असतो. पक्षी मिळालाच तर त्यात ठेवायचा.

काका म्हणजे आमचे शेजारी. वय 68, निवृत्त शाळामास्तर. इथल्या रीतीप्रमाणे तोंडावर मी त्यांना नावानंच हाक मारते, पण मनात आणि आईशी फोनवर बोलताना ते काकाच. गेली सहा वर्षं दर डिसेंबरात ते साऊथ डकोटाहून परतले की आमच्या दारात येतात आणि साफ केलेला एक फेझंट, कोंबडीच्या जातीचा रानपक्षी, हातात ठेवतात. मी तो काळ्या मसाल्यात शिजवते, त्यांना डबा देते. मागच्या वर्षी डबा देताना मी म्हणाले, "हा पक्षी कुठून येतो ते मला बघायचंय. सगळंच बघायचंय." ते हसले नाहीत. "मग उन्हाळ्यात सुरुवात कर," एवढंच म्हणाले.

मिनेसोटात 31 डिसेंबर 1979 नंतर जन्मलेल्या माणसाला बंदूक-सुरक्षेचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय शिकारीचा परवाना मिळत नाही. ते मी मे महिन्यात पूर्ण केलं. मैदानावरच्या परीक्षेला माझ्या रांगेत बहुतेक बारा-तेरा वर्षांची मुलं होती. पुढं सगळा उन्हाळा दर शनिवारी मातीच्या चकत्यांवर नेम. यंत्र चकती हवेत फेकतं, आपण ती फोडायची. 25 पैकी 14 हा माझा सर्वात चांगला आकडा. साऊथ डकोटाचा परवाना वेगळा काढावा लागतो. बाहेरच्या राज्यातल्या माणसाला तो सलग पाच-पाच दिवसांच्या दोन टप्प्यांत वापरता येतो, आणि त्याच्या जोडीला अधिवासासाठी वेगळं शुल्क भरावं लागतं. हंगाम ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी सुरू होतो आणि 31 जानेवारीला संपतो. ऑक्टोबरात गर्दी असते आणि पक्षी भोळे असतात. काकांना जानेवारी आवडतो. "जानेवारीत उरलेला नर हा शिकलेला नर," असं त्यांचं म्हणणं.

पहाटे पाचला निघालो. 12 क्रमांकाच्या हमरस्त्यानं सरळ पश्चिमेला विलमार, बेन्सन, ऑर्टनव्हिल. ऑर्टनव्हिलपाशी मिनेसोटा संपतं. मिलबँक सोडल्यावर रस्ता हळूहळू चढतो आणि समिट नावाच्या गावापाशी पठाराच्या माथ्यावर येतो. तिथं गाडीचं दार उघडलं तर वाऱ्यानं ते हातातून हिसकावलं. आमच्या बार्शी रस्त्यावर नान्नजच्या माळावर उन्हाळ्यात असाच वारा असतो, कुठेही न अडणारा. फक्त तो भाजतो आणि हा कापतो.

साडेचारशे किलोमीटर झाल्यावर साऊथ डकोटातलं रेडफील्ड आलं. टेस मागच्या सीटवर सगळा रस्ता झोपली होती. टेस ही काकांची काळी लॅब्राडोर कुत्री, वय सात. गाव यायच्या थोडं आधी ती उठून बसली आणि खिडकीच्या फटीला नाक लावून राहिली.

12 जानेवारी : उणे 15

गोळी झाडायला सकाळी दहाच्या आधी परवानगी नाही, आणि सूर्य मावळला की बंद. म्हणजे सात तास. पहाटे चारला उठून तोफ डागायला जाणं नाही, हे मला बरं वाटलं. नाश्त्याच्या टेबलावर काकांनी नियम पुन्हा म्हणायला लावले. फक्त नर मारायचा. मादीला हात लावायचा नाही. दिवसाला माणशी तीन नर, त्याहून एकही जास्त नाही. पक्ष्याच्या मागे मोकळं आकाश दिसल्याशिवाय घोडा ओढायचा नाही, कारण खाली कुत्री असते आणि पलीकडे माणूस. पक्षी साफ केला तरी एक पाय, डोकं किंवा पिसांसकट पंख अंगाला ठेवायचा, म्हणजे तपासणी झाली तर तो नर होता हे दाखवता येतं.

आम्ही गेलो ती जमीन सरकारी होती, पाणपक्ष्यांच्या विणीसाठी राखलेली. ती विकत घेतली गेली बदकांच्या शिकाऱ्यांना दरवर्षी घ्याव्या लागणाऱ्या तिकिटाच्या पैशांतून. ही तिकिटं 1934 पासून आहेत. त्याशिवाय 1937 च्या एका कायद्यानं लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा (आता तो 11 टक्के आहे) पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला. माझ्या खिशातल्या पंचवीस काडतुसांतही तो कर होता. अशा जमिनीवर शिशाचे छर्रे चालत नाहीत, कारण पाण्यात पडलेलं शिसं बदकं खड्यांबरोबर गिळतात आणि विषबाधेनं मरतात. पोलादी छर्रे वापरायचे. पोलाद शिशापेक्षा हलकं, त्याचा जोर लवकर कमी होतो, म्हणून छर्रा मोठा घ्यायचा आणि अंतर कमी ठेवायचं. काकांनी माझ्यासाठी त्यांची 20 गेजची दुनळी आणली होती, एकावर एक नळ्यांची. निघताना त्यांनी तिच्यातलं तेल फडक्यानं जवळजवळ पुसूनच काढलं. या थंडीत तेल घट्ट होतं.

ट्रकचं दार त्यांनी ढकलून, आवाज न करता लावलं. मला खूण केली, तसंच. जानेवारीतल्या नराला दार आपटल्याचा अर्थ कळतो.

समोर अर्धा मैल गवत. पिवळं, छातीएवढं, बर्फातून वर आलेलं. त्यापलीकडे गोठलेलं तळं आणि त्याच्या काठानं पाणकणसांची दाट पट्टी. पाणकणीस आपल्याकडेही तळ्याकाठी असतं, तेच तपकिरी कणीस, तीच लांब पाती. पण इथली झाडं माझ्या डोक्याच्या वर फूटभर होती. तापमान उणे 15, वारा ताशी चाळीस किलोमीटर, म्हणजे उघड्या चामडीला ते उणे 27 लागतं. आम्ही वारा तोंडावर घेऊन चालत होतो. त्यानं दोन गोष्टी साधतात: आपली चाहूल मागे जाते आणि पक्ष्यांचा वास कुत्रीच्या नाकाकडे येतो. तिसरी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. डोळ्यांतून सतत पाणी येतं आणि ते पापण्यांवर गोठतं.

दहा मिनिटांत माझ्या चष्म्यावर वाफ धरली. गळपट्टा नाकावर घेतला की श्वास वर जातो आणि काच धुरकट होते, खाली घेतला की नाक बधिर होतं. बर्फाचा वरचा थर पाय ठेवेपर्यंत धरायचा आणि वजन टाकलं की फुटायचा, गुडघ्यापर्यंत. दर पावलाला तेच. टेस मात्र समोर नागमोडी पळत होती, डावीकडे तीस पावलं, उजवीकडे तीस पावलं.

मग तिची शेपटी बदलली. हे शब्दांत सांगणं कठीण आहे, पण एकदा पाहिलं की कळतं. आधीचं हलणं आनंदाचं असतं. हे कामाचं होतं, वेगानं आणि आखूड. काका म्हणाले, "तयार राहा." माझ्या पायापासून चार हातांवर बर्फ फुटला आणि त्यातून काहीतरी तपकिरी वर आलं, इतक्या आवाजानं की मी श्वास घ्यायचं विसरले. "मादी! मादी!" काका ओरडले. मी बंदूक वर केलीच नव्हती. ती उडून गेली तरी माझं काळीज कानात वाजत होतं.

नर दुपारी एकच्या सुमाराला उठला. उठताना तो ओरडतो, मादी ओरडत नाही. तांब्याचं अंग, गळ्याभोवती पांढरं कडं, हातभर शेपटी. या वेळी मी बंदूक खांद्याला लावली, नळी त्याच्या पुढं नेली, घोडा ओढला. काहीच झालं नाही. सेफ्टी, म्हणजे घोडा अडवणारी खिट्टी, लागलेली होती. जाड हातमोज्यातून अंगठ्याला कळलंच नव्हतं की ती पुढं सरकली नाही. नर वाऱ्यावर वळला आणि दोन क्षणांत शेताच्या पलीकडे गेला.

त्यानंतर हातमोजे बदलले. आत बोटांना चिकटून बसणारे पातळ, वर मुठीएवढे जाड, ज्यांचं टोक उलटून मागे टाकता येतं. हे आदल्या रात्रीच करायला हवं होतं. नवख्या माणसाला माझं एवढं सांगणं आहे की घरात जाड हातमोजे घालून रिकाम्या बंदुकीची सेफ्टी शंभर वेळा पुढं-मागं करून बघा. उन्हाळ्यात मातीच्या चकत्यांवर नेम धरताना आपल्याला बोटं असतात. जानेवारीत नसतात.

संध्याकाळी चारच्या सुमाराला आणखी एक नर, उजवीकडून, चाळीस पावलांवर. सेफ्टी सुटली, गोळी सुटली, छर्रे मागे पडले. गोळी सुटण्याच्या क्षणी माझा हात थांबला होता. नळी पक्ष्याबरोबर फिरत राहिली पाहिजे, गोळी सुटल्यावरही. काकांनी एक मारला होता, एकाच गोळीत. टेसनं तो तोंडात असा आणला की एक पीस मोडलं नव्हतं.

रात्री बंदुका खोलीत आणल्या त्या पिशवीतच. थंड लोखंड एकदम उबेत आलं की त्याला घाम सुटतो, आणि तो घाम उद्या बाहेर गोठतो. जेवताना काका 12 जानेवारी या तारखेबद्दल बोलले. 1888 साली याच दिवशी सकाळी इथं थंडी कमी झाली होती, लोक पातळ कपड्यांत बाहेर पडले, मुलं शाळेत गेली. मग काही मिनिटांत उत्तरेकडून हिमवादळ आलं. शेकडो माणसं मेली, त्यांत शाळेतून घरी निघालेली पुष्कळ मुलं. "मी वर्गात असताना दर वर्षी या दिवशी विचार करायचो," ते म्हणाले, "तेव्हाच्या शाळेतल्या बाईंच्या जागी मी असतो तर मुलांना घरी सोडलं असतं की थांबवलं असतं?" मग फोनवर हवामान खात्याचा इशारा आला. उद्या हिमवादळ.

13 जानेवारी : भोगी

दिवसभर कुठंही गेलो नाही.

इथं हिमवादळाची व्याख्या ठरलेली आहे: वारा ताशी 35 मैल किंवा जास्त, पाव मैलापलीकडचं दिसत नाही, आणि हे किमान तीन तास. नवा बर्फ पडायलाच हवा असं नाही. पडलेला बर्फच वारा उचलतो. मोटेलच्या खिडकीतून वर बघितलं तर कधीकधी निळं आकाश दिसायचं, समोर बघितलं तर आमचा ट्रकही दिसायचा नाही. ट्रकच्या नाकातून एक वायर भिंतीवरच्या प्लगमध्ये गेली होती, इंजिन गरम ठेवायला. तो प्लग शोधायला काका भिंतीला हात लावून गेले.

आईचा फोन आला. तिकडे भोगीची भाजी झाली होती, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी झाल्या होत्या. माझ्याकडे तिळाच्या वड्यांचा डबा होता. काकांना वडी दिली, "तिळगूळ घ्या, गोड बोला" याचा अर्थ सांगितला. त्यांनी एक खाल्ली, मग दुसरी घेतली आणि म्हणाले, "ही उद्या खिशात हवी. तेल आणि गूळ, थंडीत याहून चांगलं काय!" आपल्या पूर्वजांनी ऐन थंडीत तीळ-गूळ सांगितला त्याचं मर्म या माणसानं एका घासात ओळखलं, याचा मला फार आनंद झाला.

काकांना बोलायला आवडतं आणि दिवस मोठा होता. हा पक्षी इथला नाही. मूळ चीनचा. 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला शांघायमधल्या अमेरिकन वाणिज्यदूतानं ओरेगनला पाठवला आणि तो तिथं रुजला. रेडफील्डच्या भोवती 1908-09 च्या सुमाराला सोडलेले पक्षी टिकले. 30 ऑक्टोबर 1919 ला राज्यातला पहिला हंगाम झाला तो याच स्पिंक काउंटीत, फक्त एका दिवसाचा. 1943 साली फेझंट हा राज्यपक्षी ठरला. आणि त्याच वर्षी इथून उत्तरेला ॲबरडीनच्या रेल्वे स्टेशनवर गावच्या बायकांनी युद्धावर जाणाऱ्या सैनिकांना फेझंटची सँडविचं फुकट वाटायला सुरुवात केली. 1946 पर्यंत ते चाललं. गाडी थांबायची ती थोडाच वेळ, तेवढ्यात पोरं पळत येऊन खाऊन जायची. पाच लाखांहून जास्त सैनिकांनी ती खाल्ली. आसपासच्या शेतकरी घरांनी त्यासाठी पक्षी, अंडी, लोणी दिलं. काकांच्या वडिलांनी तिथं एक खाल्लं होतं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी.

मी विचारलं, आत्ता ते पक्षी कुठं असतील?

"पाणकणसांत. नाहीतर झाडांच्या रांगेत, ती दाट असेल तर." मग ते जरा थांबले. "लोकांना वाटतं थंडीत पक्षी उपाशी मरतात. क्वचित. दाण्याशिवाय तो बरेच दिवस काढतो. त्याला मारतो वारा. आडोसा नसेल तर एक रात्र पुरते."

14 जानेवारी : संक्रांत

सकाळी उणे 23 आणि वारा पडलेला. आकाश इतकं निळं की बघवत नव्हतं. मध्यरात्री कधीतरी वादळ थांबलं होतं आणि बर्फावर वाऱ्यानं कोरलेल्या लाटा तशाच उभ्या होत्या, वाळूच्या असाव्यात तशा. टेसच्या पंजांना काकांनी मेण चोळलं. नाहीतर बोटांच्या मधल्या केसांत बर्फाचे गोळे होतात आणि कुत्रा लंगडतो. तिच्यासाठी कोमट पाण्याची बाटली काका जाकिटाच्या आत, पोटाशी ठेवतात.

या वेळची जमीन वेगळी होती. एका बाजूला मक्याचं कापलेलं शेत, मधे कुंपण, कुंपणाच्या अलीकडे गवताची अरुंद पट्टी. ही पट्टी शरद ऋतूत कापून गंजी केली असावी, खुंट वीतभरच उरले होते. कुंपणाच्या तारेपाशी टेस थांबली, नाक खाली घातलं आणि मागे बघितलं.

मादी होती. बर्फात अर्धी पुरलेली, मेलेली, छाती कुंपणाच्या खांबाला टेकलेली. मी हातमोजा काढून तिला उलटं केलं. ती कृश नव्हती. छातीला मांस भरलेलं होतं. पण चोच आणि नाकपुड्या बर्फानं गच्च बंद झाल्या होत्या, एकच काचेसारखी गोळी. वाऱ्यानं उडालेला बारीक बर्फ श्वासाबरोबर आत जातो, ऊब लागून वितळतो आणि पुन्हा गोठतो. पक्षी गुदमरतो. काकांनी काल सांगितलं होतं ते हे. मी तिला जिथं होती तिथंच ठेवलं. मेलेली असली तरी मादी जवळ बाळगायला परवानगी नाही, आणि तसंही कोल्ह्याचं पोट त्यावर भरेल.

तिथून दोनशे पावलांवर पाणकणसं होती.

तिथं पोचल्यावर मला पहिल्यांदा आडोसा या शब्दाचा अर्थ अंगाला कळला. बाहेर वारा अगदी थोडा होता, पण त्या भिंतीच्या आत तोही नव्हता. पाती एकमेकांवर वाकून बर्फ त्यांच्यावर साचला होता आणि खाली पोकळ्या झाल्या होत्या, लहान लहान खोल्या. एका खोलीत लेंड्यांचा ढीग, वर एक तांबूस पीस. बाहेर येणाऱ्या पावलांचा माग, तीन बोटं पुढं, आणि शेवटी दोन्ही बाजूंना पंखांचे फटकारे बर्फावर उमटलेले, जिथून तो उडाला. असे माग जागोजागी. कालचं वादळ या दोन-तीन एकरांत किती जिवांनी काढलं असेल, मी मोजायचा प्रयत्न सोडून दिला.

आत चालणं म्हणजे खरी परीक्षा. दर पावलाला पोकळी फुटते आणि माणूस मांडीपर्यंत जातो. खाली बर्फाची लादी आहे याची काकांनी आधी काठीनं खात्री केली. पाणकणसांच्या बर्फाच्या जाड थराखाली पाणी नीट गोठत नाही, बर्फ दुलईचं काम करतो. आम्ही तळ्याच्या मध्याकडे गेलोच नाही. कणसं डोक्याला लागून फुटत होती, त्यांचा पांढरा कापूस तोंडात, नाकात, चष्म्यावर. मी बंदूक नळी वर करून छातीशी धरली होती. पाऊण तासात लोकरीचे दोन्ही थर भिजले. थांबून एक तिळाची वडी खाल्ली. ती दगडासारखी झाली होती, तोंडात बराच वेळ धरावी लागली.

दुपारचे अडीच. टेस डावीकडे वळली आणि दिसेनाशी झाली. फक्त कणसांचे शेंडे हलत होते. मग ते हलायचेही थांबले. काका पलीकडून म्हणाले, "तुझ्या बाजूला." मी डावा पाय पुढं रोवला, वरचे हातमोजे उलटे केले, अंगठा सेफ्टीवर. तो अगदी सरळ वर आला, पाणकणसांच्या खांबांमधून, ओरडत. सूर्य माझ्या मागे होता. पांढरं कडं स्पष्ट दिसलं. तो वर पोचून क्षणभर थांबल्यासारखा होतो, मग वळतो. तो वळला तेव्हा मागे फक्त आकाश होतं. या वेळी माझा हात थांबला नाही.

पिसं उडाली. तो पडला, पण पंख पसरून, तिरका. काका ओरडले, "पळेल!"

आणि तो पळाला. बर्फावर रक्ताचा एकच थेंब होता, मग पावलं, मग पाणकणसांचा जंगलासारखा भाग, आणि पुढं काहीच नाही. मी त्या जागी माझी टोपी टाकली, काकांनी शिकवलं होतं तसं, म्हणजे पडल्याची जागा हरवत नाही. टेस आत गेली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. कोरड्या कडक थंडीत वास नीट उठत नाही. ती त्याच जागी तिसऱ्यांदा आली आणि पुन्हा गेली. माझे कान टोपीशिवाय आधी दुखले आणि मग दुखायचे थांबले. हे चांगलं लक्षण नाही हे माहीत होतं. काकांनी स्वतःचा गळपट्टा काढून माझ्या डोक्याला गुंडाळला. मी म्हणाले, आपण तो सोडून जायचं नाही. ते म्हणाले, "अर्थात नाही." त्यांच्या आवाजात शंका नव्हती, आणि त्याबद्दल मी त्यांची कायम ऋणी राहीन. पंख मोडलेला पक्षी रात्री उणे 25 मध्ये सोडून मोटेलच्या गरम खोलीत झोपणं मला जमलं नसतं.

चाळीस मिनिटांनी टेसनं एका ढिगात डोकं घातलं, खांद्यापर्यंत. बाहेर काढलं तेव्हा तोंडात नर होता, जिवंत. तो बर्फाच्या थराखालून बिळासारखा आत शिरला होता. वादळाच्या रात्रीही कदाचित तो तिथंच बसला असेल.

काकांनी तो टेसच्या तोंडातून घेतला आणि माझ्याकडे बघितलं. बोलले काही नाहीत. मी हात पुढं केले. कसं करायचं ते मला शिकवलेलं होतं: डोकं मुठीत धरून झटका द्यायचा, एकदाच, पूर्ण ताकदीनं, अर्धवट नाही. तो ऊबदार होता. तीन दिवसांत माझ्या उघड्या बोटांना लागलेली ती पहिली ऊब. मी झटका दिला. पंख बराच वेळ फडफडले. काका म्हणाले तो गेलाय, हे नुसते स्नायू आहेत. मी तो फडफड थांबेपर्यंत दोन्ही हातांत धरून ठेवला. मग रडले. काकांनी बर्फाकडे बघत टेसला पाणी पाजलं.

अजून दोन नर मारायची मुभा होती आणि दोन तासांचा उजेड होता. मी बंदूक उघडून काडतुसं काढली. काकांनीही काढली.

संध्याकाळी पक्षी साफ करायच्या खोलीत, मोटेलच्या मागे. खोलीत करू नये अशी पाटी प्रत्येक दारावर असते. पायावरची नखी पाऊण इंच लांब, टोकदार. म्हणजे हा एकापेक्षा जास्त हिवाळे बघितलेला. गळ्याखालची दाण्यांची पिशवी काकांनी सुरीनं हळूच उघडली आणि माझ्या तळहातावर रिकामी केली. मक्याचे दाणे, पिवळे, टपोरे, त्यात थोडं गवताचं बी. वादळ थांबल्यावर सकाळी तो त्या कापलेल्या शेतात जाऊन खाऊन आला होता, आणि ऊन असूनही परत आडोशाला बसला होता. मी दाणे मोजले. एकशे बारा.

15 जानेवारी : किंक्रांत

आईनं बजावलं होतं की किंक्रांतीला प्रवास करू नये. तिला सांगितलं की हा परतीचा आहे, नवा नाही. तिनं ते मान्य केलं.

रस्ता मोकळा होता. ॲबरडीनला थांबून कुखेन घेतला, इथल्या जर्मन-रशियन घरांतला सायीचा गोड केक. समिटच्या पठारावर पुन्हा वारा. घरी पोचेपर्यंत अंधार झाला होता.

फेझंटला फारशी चरबी नसते, हे लक्षात ठेवायचं. छाती पाच मिनिटं जास्त झाली की चोथा. ती मी वेगळी काढून फ्रीजमध्ये ठेवली. तंगड्यांत मात्र सुतळीसारख्या शिरा असतात, कारण हा पक्षी उडण्यापेक्षा पळतो जास्त. त्यांना मंद आचेवर दीड तास. कांदा-खोबरं भाजून वाटलं, काळा मसाला, थोडे तीळ. शिजत असताना आईला व्हिडिओ कॉल लावला आणि ढाकण उघडून दाखवलं.

आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "तुझे आजोबा लावे असेच करायचे. बायकांना हात लावू द्यायचे नाहीत." आजोबांकडे ठासणीची बंदूक होती एवढं मला माहीत होतं. मी ती कधी पाहिली नाही, फक्त भिंतीवरची खुंटी पाहिली होती. कायदा झाल्यावर त्यांनी ती जमा केली.

"पण एक सांगू? बंदूक गेली तरी त्यांचा जीव तितरांत. ओढ्याकडचा गवताचा पट्टा होता ना आपला, बांधालगतचा? तो त्यांनी मरेपर्यंत कापू दिला नाही. तुझे बाबा भांडायचे, म्हणायचे अर्धा एकर पडीक ठेवलंय. आजोबा म्हणायचे, तितरीण अंडी कुठं घालील मग?"

हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, आता तिथं काय आहे?

"आता ऊस आहे," आई म्हणाली. "पार ओढ्यापर्यंत."